एका प्लगवर सारे घर: अनेक पोर्टचा चार्जर पारखून घेण्याची रीत

भाऊबीजेला ताई सहकुटुंब घरी आली की आमच्या दिवाणखान्यातल्या एकुलत्या एक स्विचबोर्डापाशी फोनची रांग लागते. दोन वर्षांपूर्वी त्यावर उपाय म्हणून मी ६५ वॉटचा, तीन पोर्टचा एक चार्जर हौसेने आणला. भाचीने तिचा लॅपटॉप लावला आणि तो व्यवस्थित चार्ज होऊ लागला. मग मी माझा फोन दुसऱ्या पोर्टला लावला, तशी लॅपटॉपवरची चार्जिंगची खूण क्षणभर विझून पुन्हा उजळली. ताईने तिसऱ्या पोर्टला आपला फोन लावला आणि पाच मिनिटांनी भाची म्हणाली, "मामा, लॅपटॉप 'स्लो चार्जर' म्हणतोय, आणि आईचा फोन पूर्ण व्हायला तीन तास दाखवतोय." चार्जर बिघडलेला नव्हता. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे छापले होते, त्याबरहुकूम तो चालला होता. घेताना ते मी वाचले नव्हते, एवढेच.

पुढे दिलेली रीत त्या दिवाळीनंतर, नातेवाइकांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी चार्जर निवडून देता देता बसत गेली आहे. खोक्याच्या दर्शनी बाजूवरचा मोठा आकडा पाहून चार्जर घेऊ नये. आपल्या वस्तू कोणत्या आहेत आणि त्या एकत्र लावल्यावर प्रत्येक पोर्टवर नेमके काय उरते, हे पाहून घ्यावा. एवढे पाहिले तर मध्यम किमतीचा चार्जरही वर्षानुवर्षे चांगले काम देतो.

पहिली पायरी: वस्तूंची यादी

कागद घ्यावा आणि एका वेळी चार्जिंगला लागणाऱ्या वस्तू त्यावर लिहाव्यात. घरासाठी एक यादी आणि प्रवासासाठी दुसरी, कारण या दोन गरजा वाटतात तितक्या सारख्या नसतात. प्रत्येक वस्तूपुढे तिला लागणारे वॉट लिहायचे. ते सापडण्याची हमखास जागा म्हणजे तिच्याबरोबर आलेला जुना चार्जर. त्याच्या अंगावर 'आउटपुट' या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात आणि त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर ६५ वॉट. ९ व्होल्ट आणि २.२२ अँपिअर असेल तर साधारण २० वॉट. ५ व्होल्ट आणि १ अँपिअर असेल तर ५ वॉट. ॲपलने २०२० पासून आयफोनबरोबर चार्जर देणे बंद केले आणि पुढे इतरही काही कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला, त्यामुळे जुना चार्जर नसेल तर त्या मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावी. ढोबळ अंदाज हवा असेल तर इअरबड आणि घड्याळ यांना ५ वॉट पुष्कळ होतात, आयफोनच्या जलद चार्जिंगसाठी २० वॉटचा चार्जर धरावा, सॅमसंगच्या बऱ्याच फोनसाठी २५, मॅकबुक एअरसाठी ३० आणि कार्यालयीन कामाच्या साध्या लॅपटॉपसाठी ४५ ते ६५.

लॅपटॉपच्या बाबतीत एक खात्री आधीच करून घ्यावी. ज्या लॅपटॉपचा चार्जर गोल पिनेचा आहे, तो बहुधा १९ किंवा १९.५ व्होल्टवर चालतो आणि त्याची ती पिन या चार्जरला जोडता येत नाही. अशा लॅपटॉपला टाइप-सीचे छिद्र असले तरी ते चार्जिंगसाठी असेलच असे नाही. काहींमध्ये ते केवळ माहिती नेण्या-आणण्यासाठी असते. छिद्राशेजारच्या विजेच्या खुणेवरही विसंबू नये, कारण ती खूण थंडरबोल्ट या जोडणीसाठीही वापरतात. मॉडेलच्या तांत्रिक माहितीत 'पॉवर डिलिव्हरी' हे शब्द स्पष्ट असतील तरच तो लॅपटॉप यादीत घ्यावा. खेळांसाठीचे लॅपटॉप दीडशे-दोनशे वॉटच्या पुढे जातात, तेव्हा त्यांचा मूळ चार्जरच ठेवलेला बरा.

यादीत तिसरा रकाना वेळेचा करावा, आणि पैसे वाचतात ते या रकान्यामुळे. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. वाया जाणारी वीज धरूनही १० वॉटच्या साध्या पोर्टवर तो तीन तासांच्या आत भरतो. जो फोन रात्री अकराला लावून सकाळी सहाला काढायचा आहे, त्याला जलद पोर्टची काहीच गरज नाही. दुपारी कामावरून येऊन तासाभरात पुन्हा बाहेर पडणाऱ्या माणसाच्या फोनला ती आहे. आमच्या घरी असा हिशेब मांडल्यावर चार फोनपैकी दोघांनाच जलद चार्जिंग लागते असे दिसले आणि मनातला १०० वॉटचा चार्जर गळून पडला.

दुसरी पायरी: आपला फोन कोणती भाषा बोलतो

जलद चार्जिंग म्हणजे चार्जर आणि फोन यांच्यात केबलमधून आधी होणारी बोलणी. चार्जर आपल्याकडे कोणकोणते व्होल्टेज आहे ते सांगतो, फोन त्यातले हवे ते मागतो आणि मगच वीज वाढते. बोलणी फिसकटली तर दोघेही ५ व्होल्टवर येऊन थांबतात. त्यामुळे ताकदीचा चार्जर लावल्याने लहान फोन जळेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. फोन स्वतःला पचेल तेवढेच घेतो.

या बोलण्यांची सर्वमान्य भाषा म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेले 'पीडी'. तिच्यात ५, ९, १५ आणि २० व्होल्ट असे ठरलेले टप्पे आहेत. आयफोन ८ पासूनचे आयफोन, गूगलचे पिक्सेल, आयपॅड आणि टाइप-सीवर चार्ज होणारे बहुतेक लॅपटॉप हीच भाषा बोलतात. सॅमसंगच्या फोनना मात्र तिची पुढची पायरी लागते, जिला पीपीएस म्हणतात. तिच्यात व्होल्टेज ठरलेल्या टप्प्यांऐवजी २० मिलिव्होल्टच्या बारीक पावलांनी बदलते, त्यामुळे फोन कमी तापतो. चार्जरवर पीपीएस नसेल, तर सॅमसंगचा २५ वॉटचा फोन पडद्यावर 'सुपर फास्ट' ऐवजी नुसते 'फास्ट' दाखवतो आणि साधारण १५ वॉटवर राहतो. घरात सॅमसंगचा फोन असेल तर पीपीएसविना चार्जर घेऊच नये, मग तो कितीही स्वस्त असो.

वनप्लस, ओप्पो, रियलमी, व्हिवो आणि शाओमी यांच्या ६७, ८० किंवा १०० वॉटच्या घोषणा त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर आणि स्वतःच्या केबलवर उभ्या आहेत. बाहेरच्या चार्जरवर हे फोन चार्ज होतात, पण पुष्कळ सावकाश, आणि किती सावकाश ते मॉडेलनुसार बदलते. या फोनसाठी मूळ चार्जर घरी ठेवावा आणि अनेक पोर्टचा चार्जर दुय्यम समजावा. दुकानदाराने "सगळ्या फोनना सगळा स्पीड मिळतो" असे सांगितले तरी त्यावर पैसे टाकू नयेत.

तिसरी पायरी: चार्जरच्या अंगावरचा तक्ता

सगळी पारख इथे आहे, म्हणून या पायरीला घाई करू नये. भाऊबीजेचा तोच चार्जर आता माझ्यासमोर टेबलावर आहे. त्याच्या एका बाजूला राखाडी रंगात, मोहरीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत दहा-बारा ओळी आहेत. त्या नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. फोनने फोटो काढून तो मोठा करून वाचाव्या लागतात.

पहिली ओळ इनपुटची आहे: १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. तिच्याकडे प्रवासाच्या वेळी पुन्हा येऊ. त्याखाली सी-१ या पोर्टपुढे ५ व्होल्टपासून सुरुवात होऊन शेवटी २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असे आहे, म्हणजे तो एकटा असताना पूर्ण ६५ वॉट देतो. त्याच ओळीत पीपीएस ३.३ ते ११ व्होल्ट असेही लिहिलेले आहे. सी-२ एकटा असताना ३० वॉट, आणि ए हा जुना चपटा पोर्ट १८ वॉट. इथवर वाचून बहुतेक जण थांबतात, कारण जाहिरातीतले आकडे इथवरच असतात.

खरे काम त्याखालच्या चार ओळींत आहे. सी-१ अधिक सी-२: ४५ वॉट आणि २० वॉट. सी-१ अधिक ए: ४५ वॉट आणि १८ वॉट. सी-२ अधिक ए: ५ व्होल्ट, ३ अँपिअर. तिन्ही मिळून: सी-१ ला ४५ वॉट, आणि सी-२ व ए या दोघांत मिळून ५ व्होल्ट, ३ अँपिअर.

शेवटच्या दोन ओळींचा अर्थ असा, की सी-२ आणि ए यांना एकाच वेळी काही लावले की दोघांत मिळून १५ वॉट उरतात आणि तेही ५ व्होल्टवर, म्हणजे जलद चार्जिंग दोघांचेही बंद. आत या दोन पोर्टना मिळून व्होल्टेज बदलणारे एकच सर्किट आहे. एक सर्किट एका वेळी एकच व्होल्टेज देऊ शकते, आणि दोन फोन दोन वेगवेगळी व्होल्टेज मागणार असल्याने चार्जर सर्वांना चालेल अशा ५ व्होल्टवर येतो. म्हणून त्या संध्याकाळी लॅपटॉप ६५ वरून ४५ वर उतरला, आणि माझा व ताईचा फोन साडेसात-साडेसात वॉटवर रेंगाळत राहिले. तीन तासांचा आकडा बरोबर होता.

दुकानात किंवा ऑनलाइन पाहताना हा तक्ता शोधावा आणि आपल्या यादीतल्या वस्तू त्यात प्रत्यक्ष बसवून पाहाव्यात: लॅपटॉप सी-१ वर, जलद लागणारा फोन सी-२ वर, आणि तिसरा पोर्ट इअरबडसाठी. तिसऱ्या पोर्टवर काही लावल्याने दुसरा ५ व्होल्टवर येतो का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. येत असेल तर तो चार्जर खऱ्या अर्थाने दोन पोर्टचा आहे असे समजून किंमत करावी. तिन्ही पोर्ट चालू असताना दोन टाइप-सी पोर्ट ४५ अधिक २० देतात, असेही चार्जर थोड्या जास्त किमतीत मिळतात, आणि ज्या घरात दोन फोन नेहमीच घाईत असतात त्यांनी तो फरक द्यावा. ज्या चार्जरच्या अंगावर, खोक्यावर किंवा विक्रीच्या पानावर हा तक्ताच नाही, तो विकत घेऊ नये. कंपनीने तो छापला नाही याचा अर्थ तिला तो दाखवायचा नाही.

पोर्टला नवी वस्तू लावली किंवा काढली की चार्जर साऱ्या पोर्टशी नव्याने बोलणी करतो आणि त्यासाठी वीज क्षणभर तुटते. फोनला त्याने काही होत नाही, पण वायफाय राउटर, छोटा कॅमेरा किंवा बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क अशा चार्जरवर चालवत असाल तर ती दर वेळी बंद पडेल. अशा वस्तूंना स्वतंत्र चार्जर ठेवावा.

आता किती वॉटचा घ्यावा? लॅपटॉप नसलेल्या घराला ३५ ते ४५ वॉटचा, दोन किंवा तीन पोर्टचा चार्जर पुरतो. एक लॅपटॉप आणि दोन फोन असतील तर ६५ वॉट. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉट मिळाले तरी साधे काम चालू असताना तो चार्ज होत राहतो, फक्त थोडा सावकाश. दोन लॅपटॉप एकत्र लावायचे असतील तरच १०० वॉट किंवा त्यापुढे जावे. माझे स्पष्ट मत असे आहे, की घरासाठी एक मोठा चार्जर घेण्यापेक्षा मध्यम ताकदीचे दोन घेऊन दोन खोल्यांत लावावेत. पैसे बहुतेक वेळा तेवढेच लागतात, आणि एक बंद पडला तर सारे घर अडत नाही.

चौथी पायरी: एक तरी जुना पोर्ट हवा

आयफोन २०२३ पासून टाइप-सीवर आला, युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचे केले, तेव्हा आता सगळे पोर्ट टाइप-सीच असावेत असे वाटणे साहजिक आहे. तरीही मी ए पोर्ट असलेला चार्जरच सुचवतो. याचे कारण वडिलांच्या ट्रिमरने शिकवले. त्याला छिद्र टाइप-सीचे आहे, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की तो चार्जच होत नाही. ए पोर्टमधून येणारी केबल लावली की लगेच दिवा लागतो. टाइप-सी पोर्ट समोर वस्तू आहे हे ओळखल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती ओळख देणारे छोटे रेझिस्टर स्वस्त ट्रिमर, टॉर्च, हातपंखे आणि काही इअरबड यांत वाचवलेले असतात. ए पोर्ट असली ओळख विचारत नाही. घरात अशी एकही वस्तू नाही असे ठामपणे सांगणारे घर मला अजून भेटलेले नाही.

पाचवी पायरी: सुरक्षितता आणि किंमत

चार्जरच्या आत एका बाजूला भिंतीतले २३० व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला आपण हातात धरतो तो फोन. या दोहोंमध्ये काही मिलिमीटरचे अंतर, ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरचे आवरण आणि ठरावीक दर्जाचा कपॅसिटर एवढेच काय ते आडवे असते. अतिस्वस्त चार्जरमध्ये काटकसर नेमकी याच तीन ठिकाणी होते, आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणून खुणा पाहाव्या लागतात.

भारतात मोबाइलचे चार्जर आणि पॉवर अ‍ॅडॉप्टर यांना भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे. चार्जरच्या अंगावर बीआयएसचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि 'आर' या अक्षरापुढे आठ अंकांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. नुसता क्रमांक छापणे कोणालाही जमते, म्हणून तो तपासावा. बीआयएस केअर हे सरकारी अ‍ॅप फोनवर घ्यावे, त्यात 'आर' क्रमांक पडताळण्याचा पर्याय निवडावा आणि क्रमांक टाकावा. उत्पादकाचे नाव, उत्पादनाचा प्रकार, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे की नाही हे समोर येते. ब्रँड जुळला नाही किंवा त्या क्रमांकावर भलतेच उत्पादन निघाले तर चार्जर परत करावा. या तपासणीला दोन मिनिटे लागतात, आणि दुकानात उभ्या उभ्या करता येते. 'सीई' ही युरोपसाठीची खूण असून ती उत्पादक स्वतःच लावतो. भारतात तिच्यावर भिस्त ठेवू नये. चौकोनात चौकोन ही खूण मात्र पाहावी, तिचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन असा होतो.

किमतीचे म्हणाल, तर ओळखीच्या कंपन्यांचे ६५ वॉटचे तीन पोर्टचे चार्जर सध्या साधारण दीड ते तीन हजार रुपयांत मिळतात, आणि सणासुदीच्या विक्रीत त्याहून थोडे खाली. चारशे रुपयांत ६५ वॉट असे कोणी देत असेल तर एक तर ते वॉट खरे नाहीत किंवा आतले अंतर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत चांगला मालही मिळतो आणि हुबेहूब नक्कलही. तेव्हा पक्के बिल घ्यावे, खोक्यावर आयातदाराचे किंवा उत्पादकाचे नाव, पत्ता, कमाल किंमत आणि कोणत्या देशात बनले हे सारे छापलेले आहे का ते पाहावे. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते वाचावे आणि कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून घेणे पसंत करावे. वॉरंटी किती महिन्यांची आहे यापेक्षा ती कुठे मिळते हे महत्त्वाचे. आपल्या शहरात सेवा केंद्र नसेल तर चार्जर कुरियरने कोण पाठवणार, हे आधीच विचारून ठेवावे. तक्रार कुणीच ऐकली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सहावी पायरी: आकार आणि पिना

खोक्यावर 'गॅन' असे लिहिलेले असते. ते गॅलियम नायट्राइड या पदार्थाचे संक्षिप्त नाव आहे. सिलिकॉनच्या तुलनेत त्याचे ट्रान्झिस्टर कितीतरी जलद उघडझाप करतात, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान ठेवता येतो आणि उष्णता कमी वाया जाते. ६५ वॉटला गॅन घ्यावा. २० वॉटच्या चार्जरसाठी त्याचे जास्त पैसे मोजू नयेत.

आकाराकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग पस्तावतात. आपल्या स्विचबोर्डावर सॉकेट आणि बटण शेजारी शेजारी असतात. रुंद चार्जर लावला की तो बटणावर चढतो किंवा शेजारचे सॉकेट झाकतो. घेण्यापूर्वी पट्टीने सॉकेटच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि चार्जरच्या रुंदीच्या निम्म्याशी ताडून पाहावे.

दुसरी बाब पिनांची. बहुतेक चार्जरच्या दोन गोल पिना बारीक असतात आणि जुन्या सॉकेटमध्ये सैल बसतात. जड चार्जर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, पिना पूर्ण टेकत नाहीत, आत बारीक ठिणग्या उडतात आणि काही महिन्यांत सॉकेटवर काळा डाग पडतो. सॉकेट सैल असेल तर ते बदलून घेण्याचा खर्च चार्जरच्या किमतीपुढे काहीच नाही. ते शक्य नसेल तर मीटरभर वायर असलेला, टेबलावर ठेवायचा चार्जर घ्यावा. वयस्कर माणसांना वाकून भिंतीपाशी जावे लागू नये म्हणूनही हाच प्रकार घरासाठी मला अधिक आवडतो.

धातूच्या अंगाचा लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असताना त्यावरून बोट फिरवले की कधी कधी हलक्या झिणझिण्या जाणवतात. आतल्या एका कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या अत्यल्प विजेमुळे असे होते आणि चांगल्या चार्जरमध्येही ते आढळते. मात्र स्पष्ट झटका बसला तर चार्जर तत्काळ काढावा आणि पुन्हा लावू नये.

सातवी पायरी: केबल

चार्जरवर दोन हजार खर्च करून केबल मात्र ड्रॉवरमधली जुनी वापरणे, ही फार सार्वत्रिक चूक आहे. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ३.२५ अँपिअर लागतात, तेव्हा साध्या केबलवर तो कधीच पूर्ण वेगाने चार्ज होणार नाही. ५ अँपिअरच्या केबलच्या टोकात एक छोटी चिप असते, जी चार्जरला केबलची क्षमता सांगते. तिच्यावर १०० किंवा २४० वॉट असे लिहिलेले असते. अशी एक केबल लॅपटॉपसाठी घ्यावी. सॅमसंगच्या ४५ वॉटच्या फोननाही तीच लागते. बाकीच्यांना ६० वॉटची केबल पुरे, आणि ए पोर्टसाठी एक ए-ते-सी केबल.

आठवी पायरी: प्रवासाची तयारी

इनपुटची १०० ते २४० व्होल्टची ओळ आता कामाला येते. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर ११० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. ही ओळ असलेला चार्जर तिन्ही ठिकाणी चालतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरून पंखा रेंगाळू लागला तरी चार्जरला फरक पडत नाही. त्याला धोका आहे तो उलट बाजूने: दिवे अचानक नेहमीपेक्षा प्रखर झाले तर कुठे तरी न्यूट्रल तुटलेली असू शकते, आणि मग सगळ्यात आधी चार्जर भिंतीवरून काढावा.

रेल्वेत सॉकेट ढिले असतात आणि गाडीच्या हादऱ्याने जड चार्जर गळून पडतो. तिथे ३० ते ४५ वॉटचा हलका चार्जर आणि दोन मीटरची केबल अधिक उपयोगी. चार्जिंग पॉइंट रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत बंद ठेवण्याचे धोरण रेल्वेने आगीच्या भीतीने २०२१ साली अवलंबले, म्हणून फोन झोपण्यापूर्वी भरून घ्यावा. तीन पोर्ट असतील तर समोरच्या बर्थवरच्या आजींचाही भरून होतो. हॉटेलात चावीचे कार्ड काढले की खोलीची वीज जाते. बाहेर फिरायला जाताना चार्जिंगला लावलेला लॅपटॉप परतल्यावर तसाच मिळतो, त्यामुळे तिथे भर रात्रीवरच द्यावा. स्टेशनावरच्या किंवा विमानतळावरच्या उघड्या यूएसबी पोर्टला फोन थेट लावू नये, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ सालच्या आपल्या पुस्तिकेत दिला होता. आपला चार्जर साध्या सॉकेटला लावला की तो प्रश्नच येत नाही.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी: लंडन, दुबई आणि सिंगापूर येथे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असते, अमेरिकेत दोन चपट्या पिनांचे, ऑस्ट्रेलियात तिरक्या पिनांचे. जर्मनी-फ्रान्समध्ये आपल्या दोन बारीक गोल पिना बहुधा बसतात. पिना बदलणारा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, म्हणून त्यावर मिक्सर किंवा इस्त्री लावू नये, चार्जर लावावा. अनेक पोर्टच्या चार्जरमुळे असा एकच अ‍ॅडॉप्टर पुरतो, हा त्याचा प्रवासातला खरा फायदा. विमानात चार्जर कोणत्याही सामानात चालतो, पण पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.

नववी पायरी: परत करण्याची मुदत संपण्याआधी

ऑनलाइन घेतलेला चार्जर परत करायला बहुधा सात-दहा दिवस असतात. ते वाया घालवू नयेत. पहिल्याच दिवशी लॅपटॉप आणि फोन २० ते ३० टक्क्यांवर आणून एकत्र लावावेत, कारण भरत आलेली बॅटरी मुळातच कमी वीज घेते आणि परीक्षा खोटी ठरते. लहान पडद्यावर वॉट दाखवणारी केबल काहीशे रुपयांना मिळते; ती घेतली तर तक्त्यातली प्रत्येक ओळ प्रत्यक्ष तपासता येते. अर्ध्या तासाने चार्जरला हात लावावा. पूर्ण भारावर तो चांगलाच गरम होणार, पण मुठीत धरून ठेवता आला पाहिजे. चटका बसून हात सोडावा लागला, जळका वास आला, किंवा शांत खोलीत तो मोठ्याने सणसणत असेल तर परत करावा. उशीखाली, गादीवर किंवा पडद्यामागे चार्जर कधीही ठेवू नये; त्याची उष्णता बाहेर जायला मोकळी हवाच लागते.

नवा चार्जर रुळला की ड्रॉवरमधल्या जुन्यांची वाटणी करावी. वनप्लस-ओप्पोसारख्या फोनचे मूळ चार्जर आणि एखादा ५ वॉटचा साधा चार्जर ठेवून द्यावा. ज्यांचे आवरण उकलले आहे, प्लास्टिक पिवळे पडले आहे किंवा पिना हलतात, ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर द्यावेत, आणि देण्यापूर्वी पक्कडीने त्यांच्या पिना वाकवून टाकाव्यात, म्हणजे कुणी ते पुन्हा भिंतीत खोचणार नाही.